नाशिकात नवीन आहात आणि चांगलं चायनीज शोधताय? आधी भाताची चौकशी करा

तुमची पोस्ट वाचली. ठाण्याहून अंबडला बदली, इंदिरानगरात भाड्याचं घर, रोज रात्री अ‍ॅपवरून काहीतरी मागवायचं आणि प्रत्येक ठिकाणचं शेजवान तेच गोडसर, भात तोच चिकट. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘नाशिकमध्ये कुणाला चायनीज येतच नाही का?’ मुंबईहून इथे आले तेव्हा माझंही अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. येतं. उत्तम येतं. पण ज्यांना येतं त्यातले बरेच जण अ‍ॅपवर नाहीत, आणि असले तरी त्यांची कढईतली चव तुमच्या दारापर्यंत टिकत नाही.

सगळीकडे एकच चव का लागते ते आधी सांगते. मोबाईलवर हॉटेलचं पान उघडा आणि पार तळाला जा. तिथे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी परवाना क्रमांक असतो. आता वेगळ्या नावाचं, वेगळ्या फोटोंचं दुसरं चायनीज उघडा आणि तिथला क्रमांक ताडून बघा. परवाना जागेचा असतो, त्यामुळे दोन्हीकडे क्रमांक एकच असेल तर स्वयंपाकघरही एकच. एका गाळ्यात एक कढई आणि अ‍ॅपवर चार नावं, असा हा प्रकार आहे. हा धंदा मुळातच गैर आहे असं माझं म्हणणं नाही, पण आज इथून, उद्या तिथून म्हणत तुम्ही रोज त्याच माणसाच्या हातचं खात असाल तर कंटाळा येणारच.

माझं सगळ्यात जास्त नुकसान याच रस्त्याने झालं. उन्हाळ्याचे दिवस होते, घरी यायला उशीर झाला म्हणून फ्राइड राइस आणि ट्रिपल शेजवान मागवलं. मुलीने फ्राइड राइस खाल्ला. वासाला, चवीला काही वेगळं नव्हतं. झोपायच्या आतच तिला उलट्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. रात्री दवाखाना, सलाईन. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘भात खाल्ला होता का?’ मला तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू तांदूळ शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की ते पुन्हा वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं ते विष भात पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणजे वाफाळता, ताजा दिसणारा राइसही घात करू शकतो.

आता ज्या अ‍ॅपवरून मागवलं होतं त्यांच्या मदत कक्षाबद्दल. नाव घेत नाही, तुम्हीही विचारू नका. मी दवाखान्यात बसून चॅटवर लिहिलं की मूल आजारी पडलंय, या किचनमधून आणखी लोकांना जेवण जात असेल, त्यांना आत्ताच्या आत्ता कळवा. उत्तर आलं, ‘पदार्थाचा फोटो पाठवा.’ फोटो पाठवला. ‘फोटोत दोष दिसत नाही.’ अहो, जिवाणू फोटोत दिसतात का? किचनचा पत्ता मागितला, तो देता येत नाही म्हणाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. मग न मागता खात्यात एक कूपन आलं आणि तक्रारीपुढे ‘निवारण झाले’ असं लागलं. पुन्हा उघडायची सोयच नव्हती. मुलीच्या हाताला सुई टोचलेली आणि माझ्या मोबाईलवर पुढच्या ऑर्डरवर सवलत! तो संताप अजून गेलेला नाही, आणि जायला नको असंच मला वाटतं. जेवण विकून पैसे घेताना जो मध्ये असतो, त्याने ते जेवण बाधल्यावर ‘आम्ही फक्त पोचवतो’ म्हणणं मला मान्य नाही.

त्या चॅटवर वेळ गेला तो गेलाच. तुमच्यावर असा प्रसंग येऊ नये, पण आलाच तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. बिल जपून ठेवा. त्यावर परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. डॉक्टरांकडून लेखी घ्या, नुसतं ‘ताप-उलटी’ नको, अन्नातून बाधा झाल्याची शंका असल्याचं लिहून घ्या. उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. मग थेट अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर तक्रार करा. पैशांचा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे आणि त्याच्या कलम 65 मध्ये दूषित अन्नामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. कलम 40 प्रमाणे ग्राहकाला स्वतः पैसे भरून अन्न तपासून घेता येतं, मात्र तसा इरादा विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. जेवण मागवतानाच कोण असं सांगणार? पण तरतूद आहे, माहीत असावी. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. प्रकरण मोठं असेल तर जाणकाराला विचारा.

तेव्हापासून माझा नियम आहे की भाताचा पदार्थ घरपोच मागवायचा नाही. समोर उभं राहून, बघून घ्यायचा. नूडल्सला तेवढी भीती वाटत नाही, तरी त्याही गाडीवरच खाव्यात. पार्सलच्या डब्यात वाफ कोंडते, नूडल्स फुगतात, कोबी मऊ पडतो. अर्ध्या तासाने उघडल्यावर जे हातात येतं त्यावरून कारागिराला नावं ठेवू नये.

गाडीवर गेल्यावर काय बघायचं? मी तरी सरळ विचारते, ‘भात कधीचा आहे?’ फ्राइड राइसला गार झालेला मोकळा भात लागतो, त्यामुळे आधी शिजवलेला असणं हा दोष नाही. तो ठेवलाय कुठे हे महत्त्वाचं. पसरून निववलेला आणि थंड जागी ठेवलेला असेल तर ठीक. दुपारपासून पातेल्यात झाकून गाडीखाली ठेवलेला असेल तर मुकाट्याने नूडल्स सांगा. चांगला गाडीवाला या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

मग कढईकडे बघा. सिडकोत एक कारागीर आहे, त्याच्या गाडीशी मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहते. कढईतून धूर निघेपर्यंत तो तेल घालत नाही. लसूण पडला की दोन झटक्यांत कोबी, गाजर, ढोबळी. मीठ, पांढरी मिरी, साखरेची चिमूट सगळं डावाच्या टोकावर एकाच फेरीत उचलतो. सोया सॉस मधोमध ओतत नाही, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडतो. तो चर्र करून जळतो आणि तोच खमंग वास नूडल्सला लागतो. एका वेळी दोनच प्लेट. मागे कितीही गर्दी असली तरी तिसरी घालत नाही. सहा प्लेटी एकदम घातल्या की कढई गार पडते, कोबीला पाणी सुटतं, आणि ते पाणी लपवायला मग सॉस आणि कॉर्नफ्लोअर. तुम्ही म्हणताय ती गोडसर चिकट चव बरेचदा अशीच तयार होते.

रंगाबद्दलही बोलायला हवं. शेजवान लाल हवं, पण मिरची भिजवून वाटलेली असेल तर तो लालपणा तेलात उतरतो, कडेला तवंग दिसतो. भडक लाल ग्रेव्ही, जी प्लॅस्टिकच्या डब्याला आणि बोटांना गुलाबी रंग लावून जाते, ती मी परत करते. कर्नाटक सरकारने मार्च 2024 मध्ये गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. नमुन्यांत घातक रंग सापडले म्हणूनच. आपल्याकडे त्याची फारशी चर्चाही झाली नाही याचं मला वाईट वाटतं. तळणीचं तेल हाही तसाच विषय. जुलै 2018 पासून पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातल्या पोलर घटकांवर, म्हणजे तेल खराब होताना त्यात वाढणाऱ्या घटकांवर, 25 टक्क्यांची मर्यादा आहे. गाडीपुढे आपल्याला ते मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळणारं तेल आणि त्याचा घशाशी येणारा वास तर कळतो. मंच्युरियनचे गोळे त्यात तळताना दिसले की मी पुढे जाते.

अजिनोमोटोचा प्रश्न खाली कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगते. इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेल्या टोमॅटोतही ग्लुटामेट असतंच, म्हणजे पिंपळगावच्या टोमॅटोतही आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी जरूर टाळावं, पण ‘अजिनोमोटो नाही’ ही पाटी बघून गाडी चांगली ठरवू नका. त्या पाटीमागे भात शिळा असू शकतो.

आता कुठल्या भागात जायचं ते. दुकानांची नावं मी मुद्दाम देत नाही. चव कारागिराच्या हातात असते आणि कारागीर बदलत राहतात. नेपाळकडचे दशैंच्या सणाला गावी जातात, कधी परत येतात, कधी पुण्याला जातात. पाटी तीच राहते आणि आपण जुन्या कौतुकावर जाऊन फसतो. त्याऐवजी भागाची कल्पना देते. सिडको, सातपूर, अंबडच्या गाड्यांवर शिफ्ट सुटलेल्यांची गर्दी असते. माल झपाट्याने संपतो, भात पडून राहत नाही, आणि हा मोठा फायदा आहे. तिखट मात्र सांभाळून, आमच्या मिसळ खाणाऱ्या गावाच्या जिभेला ‘मिडियम’ म्हणजे तुमच्या ठाण्याचं ‘स्पायसी’. कॉलेज रोड, गंगापूर रोडला बसून खायची हॉटेलं आहेत. सूप आणि स्टार्टर बरे मिळतात, पण निम्मे पैसे खुर्चीचे आणि दिव्यांचे असं माझं मत आहे. नाशिकरोड-देवळालीकडे एकदा वाट वाकडी करून जाच. तिथे लष्कराच्या तोफखान्यामुळे देशभरातून आलेली माणसं राहतात, आणि पूर्वेकडच्या पद्धतीचं हलकं, कमी सॉसचं खाणं मला तरी त्याच बाजूला जास्त सापडलं. पंचवटीत रामकुंडाच्या आसपास शाकाहारीच धरून चाला. तिथे जैन मंच्युरियनही मिळतं, पण लसणाशिवायचं चायनीज मला पटत नाही. आवडणाऱ्यांनी रागावू नये.

एक अपेक्षा मात्र आधीच सोडून द्या. नाशिकात मिळतं ते मुंबईच्या वळणाचं चायनीज. चिकन मंच्युरियन हा पदार्थच मुंबईत 1975 मध्ये नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केला. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. त्यांचं घराणं चिनी असलं तरी ते मूळचे कोलकात्याचे, जिथे टँगरा या चिनी वस्तीतल्या हाक्का लोकांची स्वतंत्र परंपरा आहे. तुम्हाला ती टँगऱ्याची चव किंवा सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी हवी असेल तर गाडीवर शोधत फिरू नका, घरी करा. सिचुआन मिरी नसली तर कोकणातलं तिरफळ वापरून बघा. ते त्याच कुळातलं आहे आणि तसंच झिणझिणतं. वास वेगळा येतो, पण सुक्या मिरच्यांबरोबर छान लागतं. बिया काढून फक्त सालं घ्या.

घरी करायचं तर गॅस हवा, आणि नव्या गावात कनेक्शन लवकर मिळत नाही. तोवर 5 किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. हे मला एजन्सीत कुणीही आपणहून सांगितलं नाही. लोखंडी कढई घ्या, धूर निघेस्तोवर तापवा आणि एका वेळी एकाच माणसाचं करा. भाज्या धुतल्यावर फडक्यावर कोरड्या करा. भात सकाळी करून, निवला की लगेच फ्रीजमध्ये. कांद्याची पात, ढोबळी, कोबी नाशिकच्या बाजारात इतकी ताजी मिळते की निम्मं काम तिथेच होतं.

तुम्ही इंदिरानगरात आहात, तर सुरुवात पाथर्डी फाट्याच्या बाजूने करा. कामावरून सुटल्यावर थेट जा, साडेसातच्या आत, रविवार सोडून. पहिल्या दिवशी फक्त व्हेज हाक्का नूडल्स मागवा, सॉस घालू नका म्हणून सांगा. सॉसशिवाय जमल्या तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर भाताचं विचारा. आणि कुठली गाडी लागली ते इथे लिहा, सोबत महिनाही टाका, म्हणजे कारागीर बदलला तर पुढच्याला कळेल.