कोल्हापुरात नर्सच्या नोकरीत समाधान मिळतं का?

(प्रश्न असा होता: धाकट्या बहिणीचं जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय, गारगोटीहून ये-जा करेल, दोन हॉस्पिटलांत बोलावलंय. पगारावरून ठरवू का?)

ताई, पगार बघाच, पण आधी एका पाळीला वॉर्डात किती सिस्टर असतात ते विचारा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ३ मागे १, आयसीयूत एकास एक. वर रजेसाठी ३० टक्के जादा.  ३० खाटांच्या वॉर्डात पाळीला दोघीच असल्या की पहिला बळी ओव्हरचा, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवण्याचा, जातो.

ओव्हर खाटेपाशी जाऊन द्यायची असते. सलाईन किती उरलं, लघवी किती झाली, व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) कधीचा, कुठलं इंजेक्शन राहिलं. रुग्णामागे दोन मिनिटं धरली तरी ३० जणांचा तास झाला. त्यात इमर्जन्सी ट्रॉली, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघायच्या उपकरणाचा) बल्ब, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा तपासायचा. ड्यूटीच्या तक्त्यात हा तास कुठेच नसतो. मग टेबलाशी वही वाचून उरकतात. ८ तासांत जायचं ५०० मिलीचं सलाईन २० थेंबांच्या सेटवर (२० थेंब म्हणजे १ मिली) मिनिटाला २१ थेंब पडायला हवं. पेशंटनं हात दुमडला, थेंब थांबले, वहीत मात्र 'चालू'. सकाळी राउंडला बोलणी सिस्टरला. त्यातच रक्तपेढीची धावपळ, चादरींची मोजणी, बिलाचे कागद. हे नर्सिंग नव्हे, पण करतात नर्सच.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'ही सेवा आहे, घड्याळ बघू नका.' असं म्हणणारे साहेब पाचला गाडी काढतात. सेवाभाव वापरून माणसं वाचवायची असतात, भरतीचा खर्च नव्हे.

पगाराचं थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयात किमान २० हजार, २०० च्या वर सरकारी नर्सइतका पगार सुचवला. ती शिफारसच आहे, पण बोलणी करताना पुढे ठेवा.

हो, आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटरचं गणित वेगळं, तिथं दोन-तीन वर्षांत हात तयार होतो. सरकारीत कायम असेल तर उत्तमच, कंत्राटी असेल तर कागद नीट वाचा.

एक करा. दोन्ही ठिकाणी दुपारपाळी सुटायच्या वेळी, संध्याकाळी ८ ला, गेटवर थांबा. दुपारपाळीच्या सिस्टर पावणेनऊनंतर बाहेर पडत असतील, तर गारगोटीहून रोजची ये-जा जमायची नाही. खोली इथंच बघा.