यादी लागेपर्यंत

"मॅडम, पोरगा मेडिकल फिट झालाय, पण पत्र काही येईना. मधल्या दिवसांत त्यानं करायचं काय?"

सैन्यात कुणीच नाही असं घर आमच्या सातारा जिल्ह्यात शोधावं लागतं, त्यामुळे सल्ला द्यायला बसणाऱ्या मला हा प्रश्न नवा नाही. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी, म्हणजे वैमानिक व्हायला थांबलेला मुलगा मात्र क्वचित येतो. हा आला होता, खरं तर आईनं आणला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वय २२, मेकॅनिकल इंजिनिअर. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. एएफकॅट ही हवाई दलाची लेखी परीक्षा, मग निवड मंडळाची पाच दिवसांची एसएसबी, वैमानिक व्हायची क्षमता मशीनवर तपासणारी सीपीएसएस, मेडिकल असं सगळं पार पडलेलं. हैदराबादजवळच्या डुंडीगलला हवाई दलाच्या अकादमीत कोर्स सुरू होतात जानेवारीत आणि जुलैत, त्यामुळे मेडिकलपासून मेरिट लिस्टपर्यंत काही महिने लोंबकळत काढावेच लागतात. तो खुर्चीच्या कडेवर बसला होता, मोबाइल मांडीवर पालथा. वीस मिनिटांत त्यानं तो चार वेळा उलटून पाहिला.

"काय बघतोस?"

"साइट. यादी लागली का ते."

दिवसातून किती वेळा, हे त्यालाही सांगता येईना. रात्री अडीचपर्यंत कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, सकाळी आणि संध्याकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ पळत. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी नाकारलेली, कारण 'रुजू झालो आणि पत्र आलं तर?' आईची तक्रार एकच: जेवताना बोलत नाही.

मी चूक केली. त्याला वेळापत्रक आखून दिलं. दहावीपासून वेळापत्रकं भरत आलेली मुलं ही. त्यानं आठ दिवस रकाने इमानदारीत भरले आणि आधीपेक्षा उतरलेल्या चेहऱ्यानं परत आला. त्या दिवशी मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरात कुणाला काय सांगायचं राहिलंय?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "बाबांनी कंदी पेढे वाटलेत."

मेडिकल फिट झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. अख्ख्या आळीत. तेव्हापासून किराणावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे त्याला 'पायलट' म्हणतात. फिट झालेला प्रत्येक जण घेतला जातोच असं नाही, जागा असतात तेवढेच जातात, हे त्याला ठाऊक होतं. वडिलांना नव्हतं, आणि सांगायची त्याची छाती होत नव्हती. मोबाइल सारखा कशासाठी उलटला जात होता, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या वेळी वडिलांना बोलावलं. सांगितलं त्यानंच. वडील थोडे गप्प बसले आणि म्हणाले, "मग अजून किती चान्स?" फार चांगला प्रश्न होता तो. आम्ही तिथंच हिशेब मांडला. एएफकॅट वर्षातून दोनदा होते. कोर्स सुरू होताना वय २० ते २४ मध्ये बसावं लागतं. सीपीएसएसमध्ये एकदा नापास झालं की फ्लाइंगचं दार कायमचं बंद होतं, पण हा पास होता. म्हणजे यादीत नाव आलं नाही तरी दार उघडंच. पुढच्या एएफकॅटचा फॉर्म त्यानं त्याच आठवड्यात भरला. 'अपशकुन नको' म्हणून फॉर्म न भरणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि नंतर सहा महिने हळहळणारीही.

बाकीच्या गोष्टी मग सोप्या झाल्या. साइट बघायचं काम धाकट्या बहिणीकडे गेलं, रोज संध्याकाळी सहाला, एकदाच. पळण्याचं बोलताना त्यानं नडगीवर बोट दाबून दाखवलं आणि चेहरा आक्रसला. महिनाभर दुखत होतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. हाडाच्या डॉक्टरांनी तीन आठवडे पळणं बंद केलं. फिट ठरलेलं शरीर उत्साहाच्या भरात दुखवून घेणं हा या काळातला मोठा धोका, आणि घरच्यांना ती मेहनत वाटते. पोहता येतं का, विचारलं तर नाही. अकादमीत पळणं, पोहणं, दोर चढणं या सगळ्याच्या सक्तीच्या चाचण्या असतात, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. पळणं बंद असलेल्या तीन आठवड्यांत तो तलावाच्या कडेला धरून पाय मारायला शिकला, शेजारी सहा-सात वर्षांची पोरं.

विमानाच्या खेळाबद्दल मी ओळखीच्या एका निवृत्त प्रशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, या पोरांचे डोळे समोरच्या मापकांच्या तबकड्यांना चिकटतात, आणि सुरुवातीचं उड्डाण शिकायचं असतं बाहेरच्या क्षितिजाकडे बघून. ती सवय मोडण्यात आमचे तास जातात. त्यापेक्षा तोंडी हिशेब पक्के करू दे. एक त्यांनी सांगितलाही: अंशांत दिलेल्या दिशेची उलटी दिशा काढायची तर १८० मिळवत बसू नका, २०० मिळवा आणि २० वजा करा; १८० च्या पुढची दिशा असेल तर २०० वजा, २० अधिक. बहीण पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "शून्य सत्तर!" आणि हा पाण्याची बाटली भरताना, "दोनशे पन्नास!" आईनं मला हे फोनवर सांगितलं, हसत.

दुपारी तो वडिलांच्या दुकानात बसू लागला. पगार नाही, पण तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला लक्ष लागतं, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात राहतो.

यादी लागली. त्याचं नाव नव्हतं. दोन दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही, तिसऱ्या दिवशी तलावावर गेला. पुन्हा परीक्षा, पुन्हा एसएसबी, पुन्हा मेडिकल फिट. या खेपेला पेढे आणलेले नाहीत.

परवा त्या दुकानावरून जात होते. पंप दुरुस्तीला घेऊन आलेले एक आजोबा विचारत होते, "काय पायलट, कधी निघायचं?"

"अजून यादी लागली नाही, आजोबा. पंप सहानंतर घेऊन जा."