मार्टमध्ये साधं तेल घ्यायला अर्धा तास जातो, इतक्या प्रकारांतून तुम्ही कसं निवडता?

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय ना, 'जुन्या वाण्याकडे बरं होतं, पर्यायच नसायचे', त्यावर आधी बोलते, कारण मी वाण्याचीच मुलगी आहे, बार्शीची. पर्याय नसायचे हे साफ चूक. आमच्या दुकानात करडई तेल होतं, शेंगदाणा होतं, सरकी होतं, पुढे सूर्यफूल आलं, तूरडाळ तर नेहमीच दोन-तीन प्रतीची. पण बाई यायची आणि म्हणायची, आबा, डाळ द्या. संपला विषय. निवड आबांनी आडत्याकडे उभं राहून आधीच केलेली असायची, दाणा हातावर चोळून, दाताखाली धरून. आणि डाळ नाही शिजली तर तीच बाई दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन दुकानात हजर, चार गिऱ्हाइकांसमोर!

आमच्या घरात मात्र हे बोलायची सोय नाही. नवऱ्याचं म्हणणं, तुमचे आबा देतील ते लोक निमूट घ्यायचे, त्याला मोनोपॉली म्हणतात. लग्न झाल्यापासूनचा वाद आहे हा. तर मागे ऐन दिवाळीच्या तोंडावर मिक्सर जळला आणि साहेबांनी एक्सेल उघडलं. वॅट किती, जार किती, वॉरंटी किती, आवाज किती, शिवाय रात्री जागून रिव्ह्यू वाचायचे, आणि रिव्ह्यूत प्रत्येक मिक्सरला कुणी ना कुणी एक स्टार देऊन ठेवलेलाच असतो, त्यामुळे एकेक नाव कटत गेलं आणि यादीत काहीच उरेना, मग पुन्हा पहिल्यापासून. तोपर्यंत दाण्याचं कूट मी शेजारच्या काकूंकडून करून आणतेय, चटणी खलबत्त्यात. शेवटी मी उठले आणि कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्त करणारे एक काका बसतात त्यांना विचारलं, काका, तुमच्याकडे कुठला कमी येतो आणि आलाच तर कुठल्याचे पार्ट लगेच मिळतात? त्यांनी नाव सांगितलं, मी तो घेऊन घरी आले. मस्त चाललाय. नवरा अजून म्हणतो, एका माणसाचं मत म्हणजे डेटा नाही. अरे पण त्या माणसाने शेकडो उघडून बघितलेत, तुझे रिव्ह्यूवाले खोका उघडल्या दिवशी लिहितात.

त्याचा आवडता दाखला म्हणजे तो अमेरिकेतला जॅमचा प्रयोग, 2000 साली छापून आलेला. टेबलावर 24 प्रकारचे जॅम ठेवले तर थांबलेल्यांपैकी 3 टक्के लोकांनी घेतला, 6 च ठेवले तर 30 टक्क्यांनी. म्हणून म्हणे त्याचा गोंधळ होतो, दोष दुकानांचा. पण 2010 मध्ये असे 50 प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला, हे तो सांगत नाही. ज्याला आपल्याला काय हवंय ते आधीच माहितीये त्याला समोर चोवीस असले काय नि सहा असले काय. मार्टच्या दारातून आत जातानाच ठरलेलं पाहिजे, रॅकसमोर उभं राहून नाही.

तर तेल. घरात जे लहानपणापासून चालत आलंय ते घ्या, त्यातला एक ब्रँड धरा आणि खवट लागेपर्यंत बदलू नका. 'कोलेस्ट्रॉल फ्री' वाचूच नका, कुठल्याही वनस्पती तेलात ते मुळातच नसल्यात जमा असतं. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशव्या 850 ग्रॅमच्या, 800 ग्रॅमच्याही असतात, म्हणून नुसती किंमत बघून स्वस्त म्हणू नका, एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो तो बघा. बाकी साबण, टूथपेस्ट, मीठ यांवर विचार करणं म्हणजे रिकामटेकडेपणा, स्पष्टच सांगते. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आहे ना, मग झालं.

हां, फ्रिज-एसी घेताना वीज बचतीचे स्टार बघा, आणि स्टिकरवर साल कुठलं आहे तेही, कारण नियम मध्येमध्ये कडक होतात, जुन्या सालाचे पाच म्हणजे नव्याचे पाच असतीलच असं नाही. तेवढ्यापुरतं नवऱ्याचं एक्सेल मला चालतं, पण त्याला हे सांगत नाही. घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर तेलाचं माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि कुणी म्हणेल, वाणीसुद्धा स्कीमचाच माल पुढे करतो. करतो की! आबाही करायचे. पण त्यांना सरळ विचारलं, आबा, यात तुम्हाला जास्त सुटतात का, तर ते हसून हो म्हणायचे आणि आत जाऊन दुसरा डबा काढायचे. विचारून बघा तुमच्या वाण्याला.