पीएम किसानचा हप्ता थांबला? आधी स्टेटस बघा, मग धावपळ करा

प्रश्न : साहेब, दोन हप्ते झाले, पैसे आले नाहीत. बांधाशेजारच्याला आले. बँकेत विचारलं तर आधार लिंक आहे म्हणतात. तलाठ्याकडं जाऊ की तुमच्याकडं तालुका कृषी कार्यालयात येऊ?

उत्तर : दादा, अजून कुठंच जाऊ नका. पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून आपलं स्टेटस काढा. त्यात लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का), ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि आधार बँक सीडिंग (अनुदानासाठी बँक खातं आधारशी जोडलं का) अशा तीन नोंदी दिसतील. जिथं ‘नो’ असेल, तिथलंच काम करायचं. हे न बघता लोक तहसील, बँक, कृषी कार्यालय अशा चकरा मारतात, एकेक दिवसाची मजुरी बुडवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची अडचण बहुधा तिसऱ्या नोंदीत आहे. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी अनुदान जमा होण्यासाठी ते खातं आधारशी मॅप झालेलं असणं वेगळं. हप्ता खाते क्रमांक बघून येत नाही, आधार क्रमांकावर येतो; आणि अनुदानासाठी आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली राहते. मध्यंतरी दुसरीकडं खातं उघडताना संमतीच्या अर्जावर सही केली असेल, तर पैसे तिकडं गेलेले असू शकतात. म्हणून जुनी पासबुकं आधी भरून आणा. बँकेत ‘आधार लिंक करा’ एवढंच म्हणू नका, ‘डीबीटीसाठी, म्हणजे अनुदान थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग करा’ असं सांगा आणि अर्जाची पोच घ्या. बँक लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, तेही चालतं.

ई-केवायसी सोपी आहे. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीनं, नाहीतर सेवा केंद्रात अंगठा लावून. कष्टानं अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या आजी-आजोबांसाठी ॲपवर चेहरा दाखवून करायची सोय आहे.

‘वडील वारले, हप्ता बंद झाला,’ असंही बरेच जण विचारतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर हा लाभ नाही, पण वारसाहक्कानं आलेल्या जमिनीला ती अट नाही. तेव्हा आधी वारस नोंद करून घ्या, सातबाऱ्यावर नाव लागलं की स्वतःच्या नावानं नवी नोंदणी करा. मृत्यूनंतरही वडिलांच्या खात्यात पैसे येत राहिले तर काढू नका, आम्हाला कळवा. ती रक्कम नंतर वसूल होते आणि तोवर खर्च झालेली असते. भावाभावांत वाटणीचा वाद असला तरी वारस नोंद अडवू नका, कळकळीनं सांगतो. वाटप नंतरही करता येतं.

राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच मिळतात. म्हणजे पीएम किसानचे ६,००० अडले की हेही अडतात, वर्षाचे १२,००० रुपये. मात्र दोन्ही हप्ते एकाच दिवशी येतील असं नाही.

शेतकरी ओळख क्रमांक अजून काढला नसेल तर सातबारा आणि आधार घेऊन सेवा केंद्रात जा.

आणि व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. त्यातून खाती रिकामी होतात. तक्रारीसाठी हेल्पलाइन १५५२६१ आहे. तिन्ही नोंदी ‘येस’ असूनही पैसे नसतील, तर स्टेटसची प्रिंट आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन तालुका कृषी कार्यालयात या.