वाचकांचे प्रश्न : मायक्रोवेव्ह लागला की गाणं तुटतं

प्रश्न : आमच्या वन बीएचकेत फोन हॉलमध्ये असतो आणि ब्लूटूथ स्पीकर स्वयंपाकघरात. एरवी छान वाजतो, मायक्रोवेव्ह लावला की गाणं तुटक होतं. स्पीकर बिघडलाय का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नाही, स्पीकर ठणठणीत आहे. मायक्रोवेव्ह साधारण २४५० मेगाहर्ट्झवर अन्न तापवतो आणि ब्लूटूथ चालतं २४०२ ते २४८० मध्ये. दाराच्या कडेने होणारी किंचित गळतीसुद्धा ब्लूटूथच्या नाजूक सिग्नलला भारी पडते. त्यात मध्ये सळयांची काँक्रीटची भिंत! म्हणून आधी फोन स्पीकरच्याच खोलीत आणा, अगदी फोडणी घालतानाही ओट्यापासून हातभर लांब, आणि स्पीकर मायक्रोवेव्हपासून दोन-तीन मीटर दूर ठेवा. फ्रिजच्या मागे मात्र नको, पत्रा सिग्नल अडवतो. मग फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. चाळीत किंवा टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे राउटरही २.४ गिगाहर्ट्झवरच, म्हणजे ब्लूटूथच्याच पट्ट्यात, गर्दी करतात, त्यामुळे हा बदल फार उपयोगी पडतो. स्पीकर एलडॅकवर (ब्लूटूथने उच्च दर्जाचा आवाज पाठवायची सोनीची पद्धत) चालत असेल, तर ९९० ऐवजी ३३० केबीपीएस, म्हणजे डेटाचा कमी वेग, निवडा. स्वयंपाकघराच्या आवाजात फरक कळत नाही, गाणं मात्र सलग वाजतं.