माथेरानला कायमचे राहणे कसे असते? वाहने नसल्यामुळे आयुष्य खरोखर निवांत होते का?

आपण दोघेही घरून काम करता, मुंबईच्या गोंगाटाला कंटाळला आहात आणि वाहनबंदी असलेल्या माथेरानला कायमचे बिऱ्हाड हलवावे का, असे आपण विचारले आहे. प्रश्नात 'निवांत' हा शब्द नसता, तर मी कदाचित उत्तर लिहायला बसलोही नसतो. माझे बालपण माथेरानमध्ये गेले आणि माझे वडील २७ वर्षे तिथे हातरिक्षा ओढत होते.

मोटार दस्तुरी नाक्याच्या वाहनतळावर थांबते, हे आपल्याला ठाऊक असेलच. तिथून बाजारापर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, जवळच्या अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेने किंवा, माझ्या लहानपणी, हातरिक्षाने जायचे. हातरिक्षा पुढून एक माणूस दांड्या धरून ओढत असे आणि मागून एक, चढावर कधी दोघे, ढकलत. लोकांना चढ अवघड वाटे, परंतु खरी कसोटी उताराची असे, कारण भरलेली रिक्षा अंगावर येत असे आणि पुढच्याला टाचा मातीत रोवून, अंग मागे झोकून ती थोपवावी लागे. वडिलांच्या नावावर परवाना नव्हता. साऱ्या गावात मिळून ९४ परवाने होते आणि वडील दुसऱ्याच्या परवान्यावर रिक्षा ओढत, त्यामुळे दिवसाच्या कमाईतला वाटा आधी तिकडे जाई.

मी तेरा वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या जोडीदाराला ताप आला. ऐन हंगामाचे दिवस बुडवणे परवडणारे नव्हते, म्हणून मागे ढकलायला मी गेलो. दस्तुरीहून एक भारदस्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी बसल्या, मांडीवर दोन बॅगा. अर्ध्या वाटेत, जांभळीच्या दाट सावलीत, ते गृहस्थ पत्नीला म्हणाले, "ऐक, काय शांतता आहे! एक आवाज नाही." मला त्या वेळी दोन आवाज अगदी स्पष्ट ऐकू येत होते: चाकाखाली चुरडणाऱ्या मुरमाचा आणि वडिलांच्या श्वासाचा. ते गृहस्थ वाईट नव्हते. उतरताना त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, मला शाळेबद्दल विचारले आणि वडील त्या दिवशी खूशही होते. रात्री मात्र नेहमीप्रमाणे त्यांनी पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडले आणि आईने पळीत आमसुलाचे तेल वितळवून त्यांच्या टाचांच्या भेगांत भरले. त्या भेगांत तांबडी माती इतकी मुरलेली होती की काम सोडल्यावरही दोन-तीन वर्षे ती पुरती निघाली नाही.

आता आमच्या काकांविषयी. काका डोंबिवलीला असतात आणि दर मे महिन्यात आठवडाभर आमच्याकडे येत. हातरिक्षा ही माथेरानची ओळख आहे आणि ई-रिक्षा आली की तिच्यामागोमाग मोटारी येतील, हा त्यांचा ठरलेला मुद्दा. वडील ऐकून घेत आणि पान लावत बसत, भांडायचो मी. मोटारी नकोत हे मलाही मान्य आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, तो झाला नसता तर आज डोंगरमाथ्यावर झाडांऐवजी इमारती दिसल्या असत्या. परंतु वाहनबंदी असलेल्या गावातही सिमेंट, सिलिंडर, तांदूळ आणि फ्रीज वर चढतातच. ते हातगाडीवरून, घोड्यावरून आणि माणसाच्या डोक्यावरून चढतात. जो ते ओझे कधी वाहत नाही, त्याने त्याला 'ओळख' म्हणू नये, असे मी तेव्हाही म्हणत होतो. डिसेंबर २०२२ मध्ये मोजक्या ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या, तेव्हा दस्तुरीकडून रोज पायपीट करणारी शाळेतली मुले त्यांत बसून जाताना मी पाहिली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. ती बातमी मी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. काकांनी फक्त हात जोडल्याचे चिन्ह पाठवले.

आपल्या प्रश्नाचे म्हणाल, तर निवांतपणा आहे, पण तो ऑक्टोबर ते एप्रिल या काळातल्या कामकाजाच्या दिवसांत. शनिवार-रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात बाजारातून चालणे कठीण होते. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्याशा गावात गर्दी कोणाची असते, हे वेगळे सांगायला नको. पावसाळा ही मात्र सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. पायथ्याच्या नेरळहून येणारी १९०७ सालची छोटी रेल्वे पावसात खालून बंद असते आणि फक्त अमन लॉजपर्यंतच्या फेऱ्या चालतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयात तर रूळ असे वाहून गेले की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी मे अखेरीस उरकावी लागते, भिंतींना बाहेरून पाऊस अडवणारी झडप बांधावी लागते आणि तरीही कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी येतेच. लॅपटॉपचे काय होते, ते आपण अनुभवाल. माकडांसाठी खिडक्यांना जाळी लावा. बांधकामावर कडक निर्बंध आहेत, म्हणून घर भाड्याने घेऊन एक पूर्ण जुलै काढा आणि त्या महिन्यात आपला सिलिंडर घरापर्यंत कोण आणतो, ते उंबऱ्यात उभे राहून पाहा.

दोन गोष्टी काकांच्या बाजूनेही सांगायला हव्यात. अश्वपालांची भीती खोटी नाही. ई-रिक्षा वाढल्या की घोड्यावर बसणारे कमी होणार आणि त्यांच्या घरांचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. शिवाय ई-रिक्षांच्या संख्येवर बंधन राहिले नाही, तर काकांचे भाकीत खरे ठरायला वेळ लागणार नाही. रुग्णवाहिकेला वाहनबंदीतून सूट आहे, हेही खरे. पण ती दाराशी येईलच असे नाही, कारण बऱ्याच घरांपर्यंत शेवटी पायवाटच जाते.

आणखी एक गोष्ट खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. मी स्वतः २०११ पासून नेरळला राहतो. वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा मी दोघांनाही खाली आणले. आई अजून वरच्या हवेची आठवण काढते. वडिलांना विचारले तर ते म्हणतात, इथे रिक्षा दाराशी येते.