टूल अजून ०.४ वर आहे, सारखं बिल्ड फुटतंय… परत जुन्यावर जाऊ का?

प्रश्न : आमची सात जणांची टीम. दोन महिन्यांपूर्वी मीच आग्रह धरून नवीन बिल्ड टूल (कोडपासून चालणारं ॲप तयार करणारं) आणलं, अजून ०.४ व्हर्जनवर आहे पण स्पीड असा की जुन्यावर जावंसं वाटत नाही. पण दर आठवड्याला कोणाचं तरी बिल्ड फुटतं, तेही त्या एकाच्याच मशीनवर, बाकीच्यांचं नीट चालू असतं. लॉकफाइलमध्ये (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल) सारखे कॉन्फ्लिक्ट यायचे म्हणून ती आम्ही गिटइग्नोरमध्ये टाकलीय, म्हणजे ती गिटमध्ये जातच नाही. आमचे सीनियर म्हणतात हे अर्धवट टूल काढून टाक. काय करू?

उत्तर : लॉकफाइलचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते दुखणं तिथंच आहे. तुमची पॅकेज-जेसन (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) उघडून बघा, टूलच्या नावापुढे बहुतेक ^०.४.२ असं दिसेल. त्या टोपीचा अर्थ ०.४.२ किंवा त्याच्या पुढचं ०.४ मधलं काहीही चालेल. म्हणजे ज्याने सोमवारी इन्स्टॉल केलं त्याच्याकडे ०.४.२ आणि ज्याने गुरुवारी फोल्डर डिलीट करून परत केलं त्याच्याकडे कदाचित ०.४.६, आणि लॉकफाइलच नाही म्हटल्यावर दोघांनाही पत्ता नाही की आपण वेगवेगळी टूल्स वापरतोय. सेमॅंटिक व्हर्जनिंगच्या (व्हर्जनला नंबर कसे द्यायचे त्याच्या) नियमातच लिहिलंय की शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनमध्ये कधीही काहीही बदलू शकतं. टूल बनवणाऱ्यांनी तसं आधीच सांगितलंय, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही.

तर आजच टोपी काढा, नेमकं व्हर्जन लिहा, लॉकफाइल कमिट करा आणि सीआय सर्व्हरवर (प्रत्येक बदलानंतर बिल्ड आपोआप करून बघणारा) एनपीएम (पॅकेजेस आणणारं टूल) इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. ती कमांड लॉकफाइलमध्ये आहे तेवढंच घेते, मेळ बसला नाही तर तिथंच थांबते.

वर्कफ्लो यानंतर. अपग्रेडचा एक दिवस ठरवा, समजा दोन आठवड्यांतून एकदा, आणि त्या दिवशी एकच जण, पाळीपाळीने, वेगळ्या ब्रँचवर नवं व्हर्जन लावून बघेल. बाकी सहा जणांनी त्याला हातही लावायचा नाही. अपग्रेडच्या पुल रिक्वेस्टमध्ये (मर्ज करायला पाठवलेल्या बदलात) दुसरं काहीही नको, हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण आमच्या एका टीममध्ये अपग्रेड आणि एक फीचर एकत्र मर्ज झालं, अपग्रेड बिघडलं म्हणून रिव्हर्ट केलं तर फीचरही गेलं, आणि ते परत वेगळं काढण्यात आमचे दोन दिवस गेले. शिवाय सीआयमध्ये लेटेस्ट व्हर्जनवर चालणारा एक जास्तीचा जॉब ठेवा, तो फेल झाला तरी मर्ज अडू देऊ नका, पुढे काय फुटणार आहे ते आधी कळतं एवढंच त्याचं काम.

हे काही नवीन नाही. रस्ट भाषेवाले नाइटली (रोज रात्री तयार होणारा, अजून कच्चा) कंपायलर वापरतात तेव्हा टूलचेन फाइलमध्ये तारखेसकट पिन करतात. ॲपलची स्विफ्ट भाषा २०१४ ला आली आणि २०१६ च्या स्विफ्ट ३ ने अक्षरशः ढीगभर कोड बदलायला लावला, एबीआय (कंपाइल झालेले भाग एकमेकांशी जुळण्याचे नियम) स्थिर व्हायला २०१९ उजाडलं. मधली पाच वर्षं लोकांनी त्यात ॲप्स केलीच की.

टूलमधल्या बगसाठी जुगाड केलात तर तिथंच कॉमेंटमध्ये इश्यू नंबर आणि “कोणत्या व्हर्जनला हे काढायचं” ते लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी ती ओळ काढायची हिंमत कोणाचीच होत नाही.

आणि तुमच्या सीनियरना विरोधक समजू नका, त्यांचे तास खरंच वाया गेलेत. त्यांच्यासोबत बसून परत फिरायची अट आधीच ठरवा, उदाहरणार्थ लागोपाठ दोन अपग्रेडना एक-एक दिवसापेक्षा जास्त लागला तर जुन्यावर. ती अट खरी वाटायला हवी तर जुनी बिल्ड स्क्रिप्ट डिलीट न करता आठवड्यातून एकदा चालवून बघा, चालू असेल तरच परतीचा रस्ता आहे.

राहिला लॉकफाइलचा कॉन्फ्लिक्ट. ती फाइल हाताने सोडवायचीच नसते. पॅकेज-जेसनमधला कॉन्फ्लिक्ट आधी सोडवा, मग एनपीएम इन्स्टॉल चालवा, लॉकफाइल ते स्वतः नीट करतं. मग ती कमिट करा.